कासवं पुरे, आता पाऊस विणा

संक्रांतीच्या पुढेमागे आपल्याकडे प्रदर्शनांचा हंगाम असतो. संभाजीनगर घ्या, लातूर घ्या, नांदेड घ्या. पापड-कुरडया, शेंगदाण्याची चटणी आणि पैठणीच्या काठाच्या पर्सा यांच्या रांगेत अलीकडे एक टेबल हमखास सापडतं. क्रोशाने विणलेली हिरवी कासवं, आठ पायांचे ऑक्टोपस, गुलाबी देवमासे आणि वर ‘समुद्र वाचवा’ अशी पाटी. टाका घट्ट, कापूस एकसारखा भरलेला, डोळे अगदी जिवंत. हातात कला आहे यात वादच नाही. पण त्या टेबलाशी थोडा वेळ उभं राहून ऐकलं तर गिऱ्हाईक आणि विकणारी यांच्यात समुद्राचा विषय एकदाही निघत नाही. ‘किती गोड’, ‘निळ्यात आहे का’, ‘दोन घेतले तर कितीला द्याल’. कासव घरी जातं, टीव्हीशेजारी बसतं, धूळ खातं. समुद्राचं कुणाला काही कळलेलं नसतं आणि विणणारीलाही ते खटकत नाही.

मी विणकामाच्या बाजूची आहे, म्हणूनच हे खटकतं. सुया आणि क्रोशा ही मुळात मोजणीची हत्यारं आहेत. विणणारी बाई गप्पा मारतानाही मनात मोजतच असते. एवढे टाके घातले, चार ओळी बॉर्डर झाली, आता दर सहाव्या ओळीला एक टाका कमी. आकड्यांवर इतकी पकड असलेल्या कलेकडून आपण फक्त बाहुल्या करून घेतो, हा तिचा अपमान आहे. विणकामाच्या नमुन्यातून समुद्राची जाणीव करून देता येते, फार चांगली देता येते, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी समुद्रातल्या प्राण्यांची चित्रं काढणं थोडं बाजूला ठेवून समुद्राने आपल्याशी केलेला व्यवहार विणावा लागेल. मराठवाड्यात तो व्यवहार पावसाच्या रूपाने दारात येतो.

आधी त्या कासवाकडेच नीट बघू. त्याचे पुढचे पाय वल्ह्यासारखे चपटे असतात, म्हणजे ते समुद्री कासव. नमुना कुठल्या तरी परदेशी व्हिडिओतून जसाच्या तसा उचललेला. आपल्या गोदावरीतलं कासव वेगळं दिसतं. पाठ कवचासारखी टणक नाही, कातडीसारखी मऊ, बोटांमध्ये पडदे, आणि नाक पुढे नळीसारखं निघालेलं, जेणेकरून श्वासापुरतं तेवढंच पाण्याबाहेर काढता यावं. महादेवाच्या देवळात नंदीपुढच्या दगडी कासवाला आपण न चुकता हात लावतो, पण नदीतल्या जिवंत कासवाचं नाक कसं असतं हे विचारलं तर गप्प होतो. ते नळीचं नाक विणायला अवघडही नाही, पाच-सहा टाक्यांचं छोटं वर्तुळ गोल फिरवलं की झालं. आणि समुद्री कासवच हवं असेल तर त्याचीही गोष्ट आपल्याच नदीच्या टोकाला आहे. त्र्यंबकेश्वराहून निघालेली गोदावरी पैठण, गंगाखेड, नांदेड करत सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाशी कोरिंगा अभयारण्य आहे, खारफुटीचं, आणि तिथल्या होप बेटाच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. आपल्या प्रदर्शनातल्या एका तरी कासवाच्या चिठ्ठीवर हे लिहिलेलं असतं का?

आता धागा. दुकानातल्या रंगीत गुंड्याचं टोक बोटभर तोडा आणि न्हाणीघरात, हाताशी पाणी ठेवून, चिमट्यात धरून काडीने पेटवा. खरी लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि काजळी बोटात चुरगळते. सूत असेल तर कागदासारखं जळतं, मागे हलकी राख. आपल्या गुंड्यांपैकी बहुतेक वितळतात, काळा धूर सोडतात आणि टोकाला एक टणक काळा मणी बनतो. तो मणी नखाने फुटत नाही. हे अॅक्रिलिक, पेट्रोलियमपासून बनवलेलं प्लास्टिक. ‘समुद्र वाचवा’ची कासवं बहुतेक ह्याच धाग्याची असतात.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी २०१६ साली कपडे धुऊन तंतू मोजले. सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यातून अॅक्रिलिकचे सात लाखांवर तंतू सुटू शकतात, असा त्यांचा हिशेब निघाला. पॉलिस्टरचे पाच लाखांच्या आसपास, पॉलिस्टर आणि सुताच्या मिश्रणाचे दीड लाखाच्या आत. म्हणजे तिघांत सगळ्यात वाईट आपलं लाडकं अॅक्रिलिक. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या २०१७च्या अहवालाने तर समुद्रात बारीक कणांच्याच रूपात पोचणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ३५ टक्के वाटा सिंथेटिक कपडे धुण्याचा धरला आहे.

इथे थोडं सबुरीनं बोललं पाहिजे, नाहीतर विणणाऱ्या बायकांच्या डोक्यावर सगळ्या समुद्राचं पाप फोडल्यासारखं होईल. स्वेटर वर्षात दोनदा धुतला जातो. रोज धुतल्या जातात त्या पॉलिस्टरच्या साड्या, गाऊन, शाळेचे गणवेश, कंपनीचे टी-शर्ट. आपल्याकडे सुटलेला प्रत्येक तंतू थेट समुद्रात पोचतो हेही खरं नाही. संभाजीनगरचं सांडपाणी घेऊन खाम नदी नाथसागराकडे, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाकडे जाते, आणि त्याच नाथसागराचं पाणी शहर पितं. त्याखाली विष्णुपुरी, बाभळी, पोचमपाड, अगदी शेवटी धवळेश्वरम. बरंच काही ह्या धरणांच्या गाळात बसत असणार. शुद्धीकरण केंद्रातून पाणी गेलं तर तंतू मोठ्या प्रमाणात अडतात, पण ते तिथे साचणाऱ्या गाळात अडतात आणि तो गाळ खत म्हणून शेतात पडू शकतो. समुद्राच्या नावाने सुरू केलेली गोष्ट अशी आपल्याच हंड्यात आणि आपल्याच वावरात येऊन थांबते. मला तर जनजागृतीसाठी हाच मुद्दा जास्त कामाचा वाटतो, कारण ऑक्टोपसची काळजी नसलेल्या माणसालाही हंड्याची असते. फ्रान्सने २०२० साली कायदा करून २०२५पासूनच्या नव्या वॉशिंग मशिनला तंतू अडवणाऱ्या गाळणीची अट घातली. आपल्याकडे अशी मागणी एखाद्या विणकाम मंडळाने केली तर काय बिघडेल? धाग्यातलं त्यांना कळतं, आमदारांना नाही.

तेव्हा माझा पहिला आग्रह धाग्याचा. जे धुतलं जाणार ते सुताचं असावं. घरात पडलेलं अॅक्रिलिक फेकू नका, फेकलं तरी ते कुठे जाणार आहे. त्याची न धुण्याची चीज करा, भिंतीवरची किंवा चौकटीतली. सूत सोवळं आहे असंही नाही. त्याचेही तंतू सुटतात, पण ते कुजतात. रंग-रसायनं जास्त असतील तर उशिरा कुजतात एवढंच. कापसाच्या फवारणीत काय काय गेलं हे परभणी-जालन्याच्या शेतकऱ्याला मी सांगायची गरज नाही. पण निदान हा धागा आपला आहे. नांदेडच्या संशोधन केंद्राचं ‘नांदेड ४४’ हे कपाशीचं वाण एके काळी देशभर लावलं जाई. त्याच नांदेडातली निजामकाळातली उस्मानशाही मिल बंद पडली, आणि मानवत-सेलूच्या जिनिंगमधून सरकी वेगळी झालेला कापूस गाठी बांधून परप्रांतात जातो. तिथे त्याचं सूत होतं आणि आपण गुंडा घ्यायला जातो तेव्हा आपल्या हातात अॅक्रिलिक येतं. आपल्या आज्यांचे टीव्हीवरचे आणि रेडिओवरचे रुमाल, दारावरची तोरणं अँकरच्या सुती दोऱ्याची होती, त्यामुळे सुतावर हात बसायला काही नवीन शिकावं लागणार नाही.

तोरणावरून आठवलं. गोल रुमाल विणताना टाके जास्त वाढवले की तो सपाट बसत नाही, कडेला झालर येते, लाटा उठतात. शिकवणारी बाई लगेच म्हणते, उसव. हीच झालर १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी मुद्दाम विणली. दर ठरावीक टाक्यांनंतर एकाच घरात दोन टाके घालत गेलं, प्रत्येक ओळीत तेच प्रमाण पाळलं, की कापड स्वतःच्याच कडेला पुरेनासं होतं आणि वळ्यांवर वळ्या घेतं. गणितात ह्याला हायपरबोलिक पृष्ठ म्हणतात, आणि कागदावर ते दाखवताना प्राध्यापकांची दमछाक होत असे, कारण कागद फाटतो. दोरा फाटत नाही, तो जागा करून घेतो. निसर्गात असाच आकार समुद्रातल्या प्रवाळांचा असतो. थोड्या जागेत जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळवायचा असेल तर वळ्या पाडाव्याच लागतात.

ऑस्ट्रेलियातून लॉस एंजेलिसला गेलेल्या मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी २००५ साली हा धागा पकडून क्रोशाचं प्रवाळबेट विणायला घेतलं. पुढे गावोगावच्या बायकांनी आपापली बेटं विणली. जर्मनीतल्या बाडेन-बाडेनच्या संग्रहालयात २०२२ साली सुमारे चार हजार जणींनी-जणांनी पाठवलेली चाळीस हजारांवर प्रवाळं एकत्र मांडली होती. मला ह्या कामात भावतं ते त्याचं भव्यपण नाही. ह्या बहिणींनी प्रवाळाचं चित्र काढलं नाही, प्रवाळ ज्या नियमाने वाढतं तो नियम विणला. शिवाय चार वर्षं स्वतःच्या घरातला प्लास्टिकचा कचरा साठवून तोही त्याच कामाशेजारी मांडला. विणणारीला टाक्याटाक्यागणिक कळत जातं की हा आकार किती हळू वाढतो. आणि तो किती लवकर मरतो तेही सांगता येतं. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद अंशाने गरम होऊन काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. एप्रिल २०२४मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या प्रवाळांवर अशी चौथी मोठी आपत्ती आल्याचं जाहीर केलं. आपलं लक्षद्वीपही त्यात होतं.

आकडे विणण्याचं दुसरं उदाहरण मला ह्याहून मोलाचं वाटतं. पृथ्वीच्या तापमानवाढीचे ते निळ्यापासून लाल होत जाणारे उभे पट्टे बहुतेकांनी कुठेतरी पाहिले असतील, एक पट्टा म्हणजे एक वर्ष. ब्रिटनच्या रेडिंग विद्यापीठातले एड हॉकिन्स यांनी ते २०१८ साली प्रसिद्ध केले. पण त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्याच विभागातल्या हवामानशास्त्रज्ञ एली हायवूड यांनी तापमानाच्या नोंदी रंगात मांडून एक पांघरूण क्रोशाने विणलं होतं, आणि पट्ट्यांची कल्पना त्यावरून पुढे गेली. जगभर ओळखलं जाणारं हवामानाचं चित्र असं एका पांघरुणातून निघालं. म्युनिककडच्या एका बाईंनी तर रोजच्या रेल्वेच्या उशिराचा मफलर विणला. रोज दोन ओळी. गाडी पाच मिनिटांच्या आत आली तर करडा रंग, अर्ध्या तासापर्यंत उशीर तर गुलाबी, त्यापुढे लाल. त्या मफलरची २०१९च्या सुरुवातीला लिलावात साडेसात हजार युरोंना विक्री झाली आणि पैसे स्थानकावरच्या सेवाभावी संस्थेला गेले. रेल्वेच्या उशिरावर लेख पुष्कळ आले असतील. लोकांच्या लक्षात राहिला तो मफलर.

उलट बाजूचीही उदाहरणं आहेत आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ फिलिप बेटावर तेलाने माखलेल्या पेंग्विनना लोकरीचे छोटे स्वेटर घालतात, धुऊन काढेपर्यंत त्यांनी चोचीने तेल गिळू नये म्हणून. २००१च्या तेलगळतीत हे खरोखर उपयोगी पडलं. पण गोष्ट इतकी गोड की जगभरातून स्वेटरांचा पूर आला, पेंग्विन पुरेनात, आणि जादा स्वेटर खेळण्यातल्या पेंग्विनना घालून विकावे लागले. विणणाऱ्यांचा उत्साह खरा होता. तेल सांडतं का, जहाजांवर नियम काय, हे विचारण्यापर्यंत मात्र तो पोचला नाही. २०१६ साली चेन्नईत अकरा हजार चौरस मीटरच्या वर क्रोशाची चादर विणून विश्वविक्रम झाला. कौतुक आहेच. पण आकार हा विषय होऊ शकत नाही, आणि आपल्याकडच्या महिला मंडळांना विक्रमाची भुरळ फार लवकर पडते म्हणून सांगते.

‘मराठवाड्यात माणसाला प्यायला पाणी नाही आणि तुम्ही समुद्राचं काय घेऊन बसलात?’ असं कुणी विचारेलच, आणि प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर सरळ आहे: इथला पाऊस समुद्रातून येतो. सह्याद्री अरबी समुद्राकडून आलेल्या ढगांचं ओझं कोकणात आणि घाटमाथ्यावर उतरवून घेतो, आपण त्याच्या पाठीमागे. जून कसाबसा निघतो. आपली खरी भिस्त असते ती ऑगस्ट-सप्टेंबरात बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर. टीव्हीवर ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा’ हे शब्द ऐकले की परभणीतला शेतकरी जेवता जेवता थांबतो. कोकणातला कोळी जितक्या आशेने समुद्राकडे बघतो तितक्याच आशेने बघतो तो, फक्त समुद्र त्याला दिसत नाही.

आणि तो समुद्र बदललाय. माणसाने वाढवलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली. १९५० ते २०२० या काळात हिंदी महासागराचा पृष्ठभाग शतकाला सुमारे १.२ अंश या वेगाने तापला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यांची वाफ येते ती मुख्यतः अरबी समुद्रातून. त्याच काळात एकूण पाऊस मात्र वाढला नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर येईना तेव्हा येत नाही आणि आला की बांध फोडून जातो. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. २०२३चा ऑगस्ट देशाच्या १९०१पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा ठरला, त्यामागे तापलेला प्रशांत महासागर होता. २०२५च्या सप्टेंबरात धाराशिव-बीडकडे सोयाबीन उभं पाण्यात गेलं. तिन्ही वेळा आपण आभाळाकडे पाहिलं. चूक नाही, पण आभाळाच्या मागे समुद्र आहे हे कुणीतरी डोळ्यांपुढे धरायला हवं.

मराठवाड्याला हे नातं तसं नवं नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या नोंदींत पैठण आणि तगर ही दोन्ही गावं येतात. तगर म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तिथून साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भरूचच्या बंदराला जाई, तिथून जहाजावर. दोन हजार वर्षांपूर्वी ह्या काळ्या मातीतला कापूस समुद्रावर होता. आपण समुद्रापासून लांब आहोत ही समजूत त्या मानाने अलीकडची.

म्हणून माझ्या डोक्यात जो नमुना आहे तो असा. १ जून ते ३० सप्टेंबर, १२२ दिवस. रोजच्या दोन ओळी, एक सुलटी एक उलटी. दोनच का, तर रंग बदलताना दोरा त्याच कडेला परत येतो, तुटकी टोकं लपवत बसावं लागत नाही. नव्वद टाके, आठ नंबरच्या सुया, जाड सूत; लांबी मीटरभराच्या आतबाहेर होईल. कोरड्या दिवसाला मातकट रंग. अडीच मिलिमीटरच्या आतल्या पावसाला कापसाचा मूळ रंग, न रंगवलेला, कारण हवामान खातं तेवढ्याला पावसाचा दिवस धरतच नाही. त्यापुढे फिकी निळी, मग गडद निळी. आणि पासष्ट मिलिमीटरला काळपट निळी, कारण तिथून महसूल मंडळात अतिवृष्टी लागते आणि पंचनाम्याची भाषा सुरू होते. खेड्यातल्या माणसाला पासष्टचा आकडा समजावून सांगावा लागत नाही, तो त्यासाठी तहसिलात खेटे घालून आलेला असतो. तसाच एकवीसचा. २०२३च्या खरिपात पीकविम्याच्या २५ टक्के अग्रिमाचं सगळं भांडण पावसाच्या २१ दिवसांच्या खंडावर चाललं होतं. मातकट रंगाच्या बेचाळीस ओळी सलग विणल्या की तो खंड केवढा असतो हे हाताला कळतं, विणणारीला कंटाळा येईपर्यंत कळतं, आणि तो कंटाळा त्या नमुन्याचाच भाग आहे.

आता ह्यात समुद्र कुठे? ज्या दिवशी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याचं हवामान खातं जाहीर करेल, त्या दिवशीची सुलटी ओळ उलटी विणायची. रंग त्या दिवसाच्या पावसाचाच, पण कापडावर एक उठावाची रेघ येते. डोळ्यांना ती पटकन दिसणार नाही. बोट फिरवलं की लागेल. मातकट पट्ट्यात रेघ, आणि चार-पाच दिवसांनी निळा. कधी रेघ आहे पण निळा नाही, पट्टा वरच्या वर मध्य प्रदेशाकडे निघून गेलेला. कधी एका रेघेनंतर तीन दिवस काळपट निळा. समुद्रात काय झालं आणि आपल्या मंडळात काय झालं, हे एकाच कापडावर बोटाने वाचता येईल, लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही.

हे काम बचत गटांकडून करून घेता येईल, पण फुकट नाही. जनजागृती म्हटलं की बायकांनी वेळ द्यायचा, संयोजकांनी भाषण द्यायचं आणि सत्काराला एक शाल व नारळ, ही रीत मला मान्य नाही. वरच्या नमुन्यात जवळपास बावीस हजार टाके आहेत. हात बसलेल्या बाईचेही बारा-पंधरा तास जातात, रोजची नोंद बघणं वेगळं. क्रोशाला तर आजवर धड यंत्रही निघालेलं नाही; मॉलमधला स्वस्त क्रोशाचा टॉप कुणा तरी बाईच्या हातचाच असतो आणि तिला काय मिळालं असेल ते किमतीवरून कळतंच. जिल्हा परिषदा दरवर्षी पर्यावरण दिनाला जे फलक छापतात, तेही प्लास्टिकच्या फ्लेक्सवर, त्या खर्चातला थोडा वाटा ह्या मजुरीला पुरेल.

आणि हे कापड प्रदर्शनात विकायचं नाही. तहसील कार्यालयात, बाजार समितीच्या लिलावाच्या शेडमध्ये, कृषी विद्यापीठाच्या मेळाव्यात, जिथे पावसाबद्दल माणसं आधीच भांडत उभी असतात तिथे टांगायचं, दरवर्षीचं आदल्या वर्षीच्या शेजारी. मंडळनिहाय पावसाचे आकडे कृषी खात्याच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर रोज येतात, कमी दाबाच्या पट्ट्यांची माहिती हवामान खात्याच्या पत्रकात. मागच्या वर्षांची कापडं नोंदींवरून आत्ताही विणता येतील, पण रोजच्या रोज विणण्यातली घालमेल त्यात उतरणार नाही, म्हणून सुरुवात चालू हंगामापासून करावी असं मला वाटतं. त्यासाठी पाचही रंगांचं सूत मेअखेर घरात हवं, आणि रंगवलेला प्रत्येक रंग पूर्ण हंगामाला पुरेल इतका, एकाच घाण्यातला. ऑगस्टात मातकट संपला आणि दुसऱ्या घाण्यातला जरा फिका निघाला, तर कोरडा दिवस कोणता आणि रिमझिमीचा कोणता हे कापड बघणाऱ्याला कळणार नाही.